हवा जाते कुठं?

सांगली,
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. भाचेबुवा,


काल फोन मी जरा रागातच ठेवला, म्हणून आज पत्र लिहायला बसलोय. तू सांगितलंस, मागच्या डाव्या चाकाची हवा दर चार दिवसांनी उतरते. एकानं स्ट्रिप मारली, दुसऱ्यानं सीलंट ओतलं, तिसऱ्यानं टायरच बदलायला सांगितलं. इथवर ठीक होतं. पण मग म्हणालास, "काळजी नको मामा, पंपावर भरून घेतो." मला काळजी लागली ती याच वाक्याची.

माझ्याच दुकानातली एक गोष्ट सांगतो. गळीत हंगाम होता. ऊसतोडीवर आलेल्या एका गाडीवानाची डनलॉपगाडी कारखान्याच्या वाटेवर माझ्याकडं थांबायची. डावं चाक तिसऱ्या दिवशी बसलेलं. मी ट्यूब काढायचो, पाण्यात बुडवायचो, बुडबुडा दिसला की घासून पट्टी मारायचो आणि पैसे घ्यायचो. असं चारदा झालं. चौथ्यांदा तो काही बोलला नाही, फक्त बैलांकडं बघत उभा राहिला. मला लाज वाटली. तेव्हा कुठं मी टायरच्या आतून हात फिरवला. बाभळीच्या काट्याचं टोक रबरात रुतून राहिलं होतं. बाहेरून दिसत नव्हतं, पण गाडी भरली, टायर दबला की तेवढं टोक ट्यूबला लागायचं. चार पट्ट्या चार वेगळ्या भोकांवर होत्या, भोक पाडणारा एकच होता. त्या दिवशी काटा उपटला आणि मागचे पैसे परत केले.

तुझ्या टायरला ट्यूब नाही, त्यामुळं काटा वेगळ्या जागी शोधावा लागेल. माझा संशय चाकाच्या डिस्कवर आहे. राज्य सरकारनं 2021 साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं आणि तू उत्साहानं कॅरव्हान करायला ही जुनी ट्रॅव्हलर घेतलीस, ती सांगलीतूनच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा ही गाडी नदीकडच्या भागात उभी होती, हे तूच मला सांगितलं होतंस. तू आत पलंग केलास, ओटा केलास, पत्र्याला रंग दिलास. टायरची कड डिस्कला जिथं घट्ट बसते, ती जागा मात्र टायर उतरवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. तिथं गंजाचे पापुद्रे धरले की रबर आणि लोखंड यांत केसाएवढी फट राहते. नवा टायर घातलास तरी त्याच फटीतून हवा जाणार आणि तू टायरवाल्याला शिव्या देणार.

दुसरा संशय व्हॉल्व्हवर. मागं जोडचाकं आहेत, आतल्या चाकापर्यंत हात पोचत नाही म्हणून तू एक्स्टेन्शनची नळी लावलीस. म्हणजे एका सांध्याचे दोन सांधे झाले. गाडी चालताना नळी हलते, तिच्या ओढीनं रबरी व्हॉल्व्ह बुडाशी चिरतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लाव. तिथं फुगा आला तर पिन बदल, काम काही रुपयांत होईल. बुडाशी आला तर अख्खा व्हॉल्व्ह बदल, आणि तो धातूचा, डिस्कला नटानं आवळलेला घे. टोपणं हरवू नकोस. टोपणाशिवाय धूळ पिनेत बसते.

पंक्चरवाल्याकडं गेलास की घाई करू नकोस. चाक गाडीवरून उतरवून घे, हवा पूर्ण भर, हौदात बुडव आणि दहा मिनिटं नुसतं बघत बस. खिळ्याचा बुडबुडा लगेच दिसतो. गंजाची गळती दुधावरच्या बारीक फेसासारखी कडेनं हळूहळू जमते, आणि तोवर पोरानं चाक बाहेर काढलेलं असतं. फेस कडेला दिसला तर टायर उतरव, डिस्कची बैठक तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत कर, आधी ओतलेलं सीलंट पुसून काढ, मग टायर चढव. लोखंडात खड्डे पडले असतील किंवा जोडाशी चीर असेल तर डिस्क भंगारात दे. खिळा निघाला तर आतून मशरूम पंक्चर करून घे. टायरच्या बगलेला भोक असेल तर ते शिवायचं नसतं, टायर काढायचा. बगलेवरचे शेवटचे चार आकडेही वाच. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुन्या, एका जागी उभ्या राहिलेल्या टायरला भेगा पडतात.

आता रागाचं कारण. जोडचाकातल्या एकाची हवा उतरली की गाडी झुकत नाही, कारण शेजारचं चाक त्याचाही भार उचलतं. म्हणून तुला वाटतं सगळं ठीक आहे. पण उचलणारं चाक ताकदीबाहेर तापतं आणि बसलेलं चाक बगलेतून चेपत चेपत आतून भुगा होतं. पसरणीचा घाट उतरताना ब्रेकची उष्णता त्यात मिळते. तिथं टायर फुटला तर आत झोपलेलं कुटुंब तुझ्या भरवशावर झोपलेलं असतं. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढतात, फळ्या, गॅस, माणसं वेगळी. एकदा भरलेली गाडी वजनकाट्यावर ने, पुढचा आणि मागचा भार वेगवेगळा काढ, आणि हवा त्या हिशेबानं ठेव. पंपावरच्या पोराच्या अंदाजानं नको.

आकड्यांनीही फसू नकोस. साताऱ्यात हिवाळी पहाटेला 12 अंश आणि दुपारी 32 असेल, तर 60 पौंड हवेत पाचेक पौंडांचा फरक नुसत्या उन्हानं पडतो. महाबळेश्वरला चढलास तर बाहेरचा दाब कमी झाल्यानं मीटर पौंडभर जास्तच दाखवेल. तिथं बघून "गळती थांबली" म्हणशील. चालवून आल्यावर टायर गरम असतो, तेव्हाचा आकडा धरू नकोस आणि ती वाढलेली हवा सोडूही नकोस. नायट्रोजनच्या नादालाही लागू नकोस. साध्या हवेत 78 टक्के तोच असतो, आणि फट त्यालाही वाट देते.

तर आता एवढं कर. आठवडाभर गाडी उभी ठेव. रोज ऊन यायच्या आत, एकाच मीटरनं, सहाही चाकांची हवा मोज आणि वहीत लिही. मध्ये भरू नकोस. पाच चाकं सारखी हलली आणि एकच खाली जात राहिलं तर चोर सापडला. रोज किती पौंड जातात यावरून गळती किती मोठी आहे, याचाही अंदाज येईल.

कासचा हंगाम संपलाय, गिऱ्हाईक थोडं थांबेल. पुढच्या सोमवारी गाडी हळू चालवत इकडं आण, निघताना मात्र हवा पुरी भर. पेठ नाक्यावर थांबून एकदा चाकाला हात लाव. चटका बसला तर तिथंच थांब आणि मला फोन कर, मी येतो.

आणि वही आण. वही बघितल्याशिवाय मी जॅक लावणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा