दात घासण्याची वेळ
(आरोग्यशिक्षण : इयत्ता पहिली ते चौथी)

परिपाठाच्या वेळी आपण मुलांची नखे, केस व दात पाहतो. मुले दात दाखवितात आणि तपासणी संपते. वर्गशिक्षक असताना मीही अनेक वर्षे असेच केले. परंतु या तपासणीत सकाळचे घासणे तेवढे दिसते, रात्रीचे दिसत नाही. शाळाभेटीत मी विचारतो, "आज सकाळी दात कोणी घासले?" सारे हात वर होतात. "आणि काल रात्री?" दोन-तीन हात वर येतात, तेही शेजारच्याकडे पाहून खाली जातात.

दोष मुलांचा नाही. तोंड धुतल्याखेरीज काही न खाण्याची आपल्या घरांची रीत चांगलीच आहे. ती मोडण्याचे कारण नाही. मात्र दातांच्या दृष्टीने अधिक मोलाची वेळ निजण्यापूर्वीची होय. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय अन्न यांपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरचे कठीण आवरण हळूहळू झिजते. दिवसा लाळ हे आम्ल सौम्य करते व गेलेले क्षार काही अंशी परत मिळवून देते. झोपेत लाळ फारच कमी स्रवते. निजताना खाल्लेल्या बिस्किटाचा कण दाढेच्या खाचेत राहिला, तर जंतूंना सारी रात्र मोकळी मिळते.

हे वर्गात दाखविता येते. अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाकावा. त्यावर बुडबुडे येऊ लागतात. कवचातील क्षार दातातील क्षाराहून वेगळा आहे, म्हणून दात असा फसफसत नाही, हे चौथीच्या मुलांना अवश्य सांगावे. पहिलीच्या मुलांना 'आंबट पदार्थ कठीण वस्तूलाही खातो' एवढे पुरे.

याच प्रयोगातून आपल्या जिल्ह्यापुरता एक मुद्दा निघतो. काटोल, नरखेडकडील मुले हंगामात दिवसभर संत्री खातात. संत्रे खाऊन लगेच दात घासू नयेत; आम्लाने मऊ झालेले आवरण ब्रशने अधिक झिजते. साध्या पाण्याने चूळ भरावी व निदान अर्धा तास थांबावे. शाळेतील दुपारच्या आहारानंतरही चूळ भरणे पुरेसे आहे.

पहिलीच्या शिक्षकांनी एका दाढेकडे विशेष लक्ष द्यावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि 'पडेल नि नवी येईल' म्हणून सोडून देतात. ती गेली की पुन्हा येत नाही. दहा-अकरा वर्षांचे मूल एका गालाने जेवताना दिसले, तर बहुधा हीच दाढ किडलेली असते.

अडचण घरची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतातून उशिरा येते, जेवण उशिरा होते आणि मूल ताटावरच पेंगते. अशा घरी 'झोपताना घासा' हा उपदेश चालत नाही. 'जेवून हात धुताना दातही घासा, मग पाण्याखेरीज काही नको' असे सांगावे. पालकसभेत हे आईशीच बोलावे, कारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावे लागतात. दोन मिनिटे, मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट. फेस थुंकावा, गिळू नये.

निंबाची काडी मऊ चावून वापरल्यास हरकत नाही. कोळसा व विटेची भुकटी मात्र नको. मशेरी आणि गुडाखू हे तर तंबाखूचेच प्रकार. दंतमंजनात तंबाखू घालण्यास 1992 पासून बंदी आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा दातही पाहते. ज्या मुलांच्या दाढेवर काळा ठिपका किंवा खड्डा दिसला, त्यांची नावे आधीच टिपून ठेवावीत. त्या मुलांना प्रथम पुढे करावे, आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठविण्याची चिठ्ठी मिळाल्यास ती मुलाच्या दप्तरात न घालता पालकाच्या हाती द्यावी.