हिरव्या पानांचें पेय



तिसऱ्या तासाला फळ्यावरचीं अक्षरें पुसट दिसूं लागणें, चार पायऱ्या चढतांच धाप लागणें, एकच पान पुन्हां पुन्हां वाचूनहि मनांत न शिरणें, हीं लक्षणें पुष्कळदां आळसाचीं समजलीं जातात. वस्तुतः तीं रक्तांतील लोहाच्या उणिवेचींहि असूं शकतात. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते १९ वर्षें वयाच्या दर शंभर मुलींपैकीं सुमारें ५९ मुलींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. मुलगेहि यांतून सर्वस्वीं सुटलेले नाहींत. अशा वेळीं बाजारांतील रंगीत डब्यांकडे धांव घेण्यापूर्वीं घरच्या भाजीच्या टोपलींत काय आहे, हें पाहावें. नाहीं तर काखेंत कळसा नि गांवाला वळसा, अशी आपली गत व्हावयाची.

अलीकडे पालेभाजी व फळें एकत्र वाटून केलेल्या पेयाचा बराच बोलबाला झाला आहे. त्यास 'ग्रीन स्मूदी' असें म्हणतात. नांव नवें असलें तरी रीत आपणांस परकी नाहीं. कोथिंबीर-पुदिन्याची चटणी हें तिचेंच घट्ट रूप होय. तें पेय घरीं कसें करावें, व त्याहून महत्त्वाचें म्हणजे तसेंच कां करावें, याचा येथें विचार करूं.

पान आणि फळ यांची जोडी

पालेभाज्यांत लोह असतें, परंतु तें शरीरास सहजासहजीं मिळत नाहीं. वनस्पतींतील लोहाचा थोडाच अंश आंतड्यांतून रक्तांत जातो. तें जणूं कुलूपबंद पेटींतील धन होय. या कुलपाची एक चांगली किल्ली म्हणजे 'क' जीवनसत्त्व. तें लोहास शोषून घेण्याजोग्या रूपांत आणतें व राखतें.

या जीवनसत्त्वाची कथा मनोरंजक आहे. १७४७ सालीं जेम्स लिंड नांवाच्या इंग्रजी आरमारांतील वैद्यानें स्कर्व्ही रोगानें पीडलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, ते सर्वांत लवकर सुधारले. मात्र फळांतील तो गुणकारी पदार्थ हातीं येण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. त्याच्या शोधाशीं निगडित कार्याबद्दल आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांस १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्याकडे हें जीवनसत्त्व स्वस्तांत मिळतें. १०० ग्रॅम संत्र्यांत तें सुमारें ४० ते ५० मिलिग्रॅम असतें, तर तितक्याच पेरूंत सुमारें २००. आवळा तर पेरूहूनहि सरस आहे. पानाबरोबर आंबट फळ घ्यावयाचें तें केवळ रुचीसाठीं नव्हे, हें यावरून ध्यानीं येईल.

साहित्य (दोन पेल्यांकरितां)

राजगिरा, माठ किंवा पालक यांचीं कोवळीं पानें एक ओंजळ. पुदिन्याचीं आठ-दहा पानें. पिकलेलें केळें एक. बिया काढलेला अर्धा पेरू, अथवा एक आवळा. आल्याचा लहानसा तुकडा. ओल्या नारळाचा चव एक चमचा. उकळून गार केलेलें पाणी एक पेला. शेवग्याचा कोवळा पालाहि चालेल, परंतु तो उग्र असल्यानें मूठभरच घ्यावा.

कृति

प्रथम पानें निवडून वाहत्या पाण्यांत तीन वेळां धुवावीं. नंतर उकळत्या पाण्यांत अर्धा ते एक मिनिट बुडवून लागलींच गार पाण्यांत टाकावीं. पहिलें पाणी फेकून द्यावें. मग पानें थोड्या पाण्यासह मिक्सरमध्यें अगदीं बारीक करावीं. त्यांत फळें, आलें, नारळ व उरलेलें पाणी घालून पुन्हां फिरवावें. मिक्सर नसल्यास पाटा-वरवंट्यानेंहि काम होतें. पेय गाळूं नये, कारण चोथा पोटास हितकर असतो. आणि करतांच प्यावें, कारण हवा लागून 'क' जीवनसत्त्व कमी होत जातें.

कोणी विचारील, उकळत्या पाण्यानें पानांतील जीवनसत्त्वें नष्ट होणार नाहींत काय? कांहीं अंशीं होतात खरीं. परंतु गटाराच्या पाण्यावर वाढलेल्या भाजीबरोबर विषमज्वराचे जंतु व जंतांचीं अंडीं घरांत येऊं शकतात, आणि नुसत्या मिठाच्या पाण्यानें त्यांचा भरंवशानें नाश होत नाहीं. शिवाय पालकांतील ऑक्झॅलिक आम्लाचाहि कांहीं भाग पाण्याबरोबर निघून जातो. गेलेलें 'क' जीवनसत्त्व कच्चें फळ भरून काढतें. म्हणून नियम असा: पान उकळत्या पाण्यांतून काढावें, फळ मात्र कच्चेंच ठेवावें.

कांहीं सूचना

साखर घालूं नये; केळ्याची गोडी पुरे. दुधानें लोहाच्या शोषणांत अडथळा येतो, म्हणून तें वेगळ्या वेळीं घ्यावें. चहाहि निदान एक तास आधीं वा नंतर घ्यावा. अळूचीं पानें कच्चीं कधींहि वाटूं नयेत. त्यांतील सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक घशास टोंचतात. ज्यांस मूतखड्याचा विकार आहे, त्यांनीं पालक टाळावा. रक्त पातळ ठेवण्याचें औषध घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हें पेय सुरू करूं नये.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. हें पेय अन्न आहे, औषध नव्हे. रक्त तपासून डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या घेतल्याच पाहिजेत. पेला भरून प्यालों म्हणून गोळी चुकविणें हा स्वतःशींच केलेला अपराध होय. तसेंच वरण-भाकरी, उसळी यांची जागा हें पेय घेऊं शकत नाहीं. तें त्यांच्या जोडीला शोभतें.

मित्रहो, येत्या सुटीच्या दिवशीं भाजी निवडण्याचें काम आपण होऊन मागून घ्या व हा प्रयोग करून पाहा. पहिला पेला त्या व्यक्तीस द्या, जी घरांत सर्वांच्या मागून जेवते. बहुधा ती तुमची आईच असेल, आणि तिलाहि लोहाची तितकीच गरज असते. आपल्या भाषेंत भाजीसहि पालक म्हणतात व आईबापांसहि. दोहोंची योग्यता वेळींच ओळखणें, हेंच खरें शिक्षण होय.