धरमतरला उतरण्याआधी

अलिबाग

चि. छोटीस,


तुझ्या बाबाचा काल फोन आला. तलावावर सलग तीन तास पोहलीस हे ऐकून फार बरं वाटलं. पण याच हिवाळ्यात धरमतरहून मुंबईच्या गेटवेपर्यंत पोहून जायचं ठरवलं आहेस, हे कळल्यावर लगेच लिहायला बसले.

ते अंतर सुमारे 36 किलोमीटरचं आहे. बालेवाडीच्या 50 मीटरच्या तलावात तेवढं पोहायचं तर 720 फेऱ्या होतील, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून पुढे सरकण्याची सोय मिळेल. समुद्रात भिंत नाही. तळाशी काढलेली रेघही नाही. म्हणून आतापासूनच भिंतीला पाय न लावता वळायला शीक. चार-सहा हात मारले की मान किंचित वर काढून पुढे बघायची सवय कर. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. एका बाजूने लाटा येत असतील किंवा सोबतच्या बोटीच्या डिझेलचा धूर येत असेल, तर दुसरी बाजू हाताशी हवी.

थंडीचं तू हसण्यावारी नेतेस, असं बाबा म्हणाला. मुंबईचं पाणी इंग्लिश खाडीसारखं 16-17 अंशांचं नसतं, हे खरं. पण आपलं शरीर 37 अंशांचं. कोमट वाटणारं पाणीसुद्धा तासन् तास शरीरातली ऊब ओढून घेतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातले उघडे तलाव ओस पडतात, तेव्हा तू पहाटे जा. रोज थोडा थोडा वेळ वाढव, पण काठावर जाणतं माणूस असल्याशिवाय उतरू नकोस. हातांची गती मंदावली, बोलताना जीभ अडखळली, की त्याने तुला बाहेर काढलंच पाहिजे. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीर आतून गार होत राहतं, तेव्हा आधी कोरडे कपडे आणि मग गप्पा. सरावासाठी खडकवासल्याच्या पाण्यात मात्र हौसेने उतरायचं नाही. तिथे पट्टीचे पोहणारेही बुडाले आहेत.

खाण्याचा सरावही तलावातच कर. साधारण अर्ध्या तासाला दोरीला बांधलेली बाटली बोटीवरून येईल. बोटीला हात न लावता, पाण्यात उभ्याने ती रिकामी करायची. खारं पाणी पोटात गेल्यावर काय पचतं आणि काय उलटून पडतं, हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं. काखेत, मानेला, पोशाखाच्या पट्ट्यांखाली व्हॅसलिन भरपूर लाव. मीठ आणि घर्षण मिळून कातडी सोलवटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धरमतरच्या खाडीतून ओहोटी तुला बाहेर काढते आणि पुढे भरती मुंबईकडे नेते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. उधाणाला ओढ जास्त, भांगाला कमी. निघायची वेळ चुकली, तर तू कितीही जोर लाव, जागच्या जागी राहशील. ती वेळ बोटीचा तांडेल ठरवेल, तू नाही. तो आणि तुझे प्रशिक्षक 'वर ये' म्हणाले की वाद न घालता वर यायचं. आरती साहा ऑगस्ट 1959 मध्ये इंग्लिश खाडी पूर्ण न करताच बाहेर आल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी ती पार केली आणि ते करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. तुमच्या पुण्याचा रोहन मोरे 2014 मध्ये इंग्लिश खाडी पोहला, आणि जगातल्या सात अवघड सागरी पल्ल्यांतला शेवटचा, न्यूझीलंडचा कुक सामुद्रधुनीचा टप्पा त्याने फेब्रुवारी 2018 मध्ये संपवला. सातही पार करणारा तो पहिला आशियाई. त्यालासुद्धा मधे साडेतीन वर्षं लागली. तुला एका हिवाळ्याची घाई कशाला?

माझं मत स्पष्ट आहे: यंदा धरमतर नको. डिसेंबरमध्ये मालवणला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथे उतर. लाटा, गर्दी, खारं पाणी, सगळं एकदम अंगावर येईल. मग उन्हाळाभर आठवड्यातून एकदा लांबचं पोहणं ठेव, बाकीचे दिवस कमी. खांदा दुखला तर विश्रांती घे, औषध लावून रेटू नकोस. पुढच्या हिवाळ्यात धरमतरला मी स्वतः बोटीवर येईन.

डॉक्टरांकडून तपासून घे आणि मालवणचा अर्ज वेळेत भर.

तुझी,
आत्या