गांडूळ आपल्याला काय सांगतं? (परिसर अभ्यास : एक अनुभव आणि तीन कृती)



जूनच्या मध्याला आपल्या शाळा उघडतात आणि साधारण त्याच आठवड्यात मुंबईत पाऊस सुरू होतो. मुलुंडला आमच्या शाळेच्या गेटपासून वर्गापर्यंत पेव्हर ब्लॉकवर गांडुळंच गांडुळं दिसतात. काही मुलं किंचाळतात, काही पाय देतात, एखादा घरून मिठाची पुडी घेऊन येतो. वर्गात नुसतं नाव घेतलं तरी मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. ती दोन मिनिटं हसू द्यावं, मग धडा सुरू करावा.

'सजीवांची लक्षणे' शिकवताना आपण चेतनाक्षमता हा शब्द फळ्यावर लिहितो. परिसरात बदल झाला की सजीव प्रतिसाद देतो, एवढंच मुलं पाठ करतात. हा प्रतिसाद डोळ्यांसमोर दाखवायचा असेल, तर गांडुळाइतका सोपा सोबती नाही.

आधी माझी चूक सांगते

काही वर्षांपूर्वी मी पाच-सहा गांडुळं मातीसकट काचेच्या बरणीत ठेवली आणि 'सगळ्यांना दिसावं' म्हणून बरणी खिडकीत ठेवली. शुक्रवारी एका मुलीने विचारलं, "बाई, ती सगळी भिंतीच्या बाजूलाच का गेलीत?" मी हजेरी घेत होते. म्हटलं, "नंतर सांगते." पुढचे दोन दिवस पावसाने उघडीप दिली. सोमवारी येऊन बघते तर माती कडक झालेली आणि एकही गांडूळ जिवंत नव्हतं.

त्या मुलीच्या प्रश्नातच अख्खा धडा होता. गांडुळं उजेडापासून दूर सरकत होती, म्हणजे प्रतिसाद देत होती. चेतनाक्षमता शिकवणाऱ्या मलाच तो दिसला नाही. तेव्हापासून मी हा पाठ असा घेते.

कृती १ : उजेड
बुटाच्या खोक्यात ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरा. अर्ध्या भागावर पुठ्ठा झाका. दोन गांडुळं मधोमध ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. बहुतेक वेळा ती अंधाराकडे जातात. गांडुळाला डोळे नसतात, पण त्वचेत उजेड जाणवणाऱ्या पेशी असतात. तांबड्या उजेडाला ती फारसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावून निरीक्षण करा.

कृती २ : ओलावा
अर्धा कागद ओला, अर्धा कोरडा ठेवा. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते त्वचेतून श्वास घेतं. हवेतला ऑक्सिजन आत जायला त्वचा ओली असावी लागते. म्हणून कोरडेपणा म्हणजे त्याच्यासाठी गुदमरणंच. मीठ टाकल्यावरही शरीरातलं पाणी ओढलं जातं आणि त्वचेची आग होते. हे कळल्यावर मिठाची पुडी आपोआप बंद झाली, मला रागवावं लागलं नाही. ही कृती दोन-तीन मिनिटांतच थांबवा.

कृती ३ : कंपन
खोक्याजवळ टाळ्या वाजवा, मग खोकं ठेवलेल्या बाकावर बोटाने हलकेच ठोका. फरक बघा. गांडुळाला कान नाहीत, पण कंपन जाणवतं. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याने गांडुळांच्या कुंड्यांजवळ पियानो मोठ्याने वाजवला तर ती स्वस्थ राहिली. कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात गेली.

मग पावसात वर का येतात?

'बुडू नये म्हणून' हे उत्तर आपण सगळेच देतो. ते अर्धंच आहे. मातीतल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा कमी होते हे खरं, पण पाण्यात पुरेसा ऑक्सिजन असेल तर अनेक जातींची गांडुळं त्यात काही दिवससुद्धा जगतात. थेंबांचं कंपन, ओल्या जमिनीवरून लांब जाण्याची सोय, अशीही कारणं अभ्यासक मांडतात. सगळ्या जाती सारख्या वागत नाहीत. मुलांना "यावर अजून अभ्यास चालू आहे" असं सांगायला लाजू नका.

आणि उन्हाळ्यात? माती सुकत जाते तशी अनेक गांडुळं खोल जातात, वेटोळं करून जवळजवळ निश्चल पडून राहतात. पाऊस आला की पुन्हा कामाला लागतात.

पालकांसाठी

सोसायटीत जमीन फरसबंद झाली आहे. वर आलेल्या गांडुळाला परत जायला माती सापडत नाही, ऊन पडलं की ते तिथेच सुकतं. सकाळी मुलाला शाळेत सोडताना दिसलं तर हात ओला करून किंवा पानावर घेऊन झाडाच्या आळ्यात सोडा, मुलाला करू द्या. नंतर साबणाने हात धुवा.

घरी गांडूळखताचा डबा असेल तर त्यातही हाच धडा आहे. गांडुळं भिंतीवर चढू लागली की काहीतरी बिनसलंय: पाणी जास्त झालंय, ओल्या कचऱ्याने डबा तापलाय किंवा लिंबा-संत्र्याच्या साली फार पडल्यात. सुकी पानं घाला, वरखाली करा, हवा खेळू द्या.

दोन सूचना: गांडूळ कापलं की दोन होतात हा गैरसमज आहे, वर्गात तो आवर्जून दूर करा. कृती झाल्यावर गांडुळं त्याच दिवशी, मुलांच्या हातूनच, जिथून आणली तिथे सोडा.

आणि एखादं मूल मध्येच "बाई, हे असं का?" म्हणालं, तर हजेरी दोन मिनिटं थांबू द्या.