अश्वत्थामा आणि आस्तीक : असीरगडाच्या दंतकथेचा एक अभ्यास

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही द्रोणाचार्यांच्या वधाची कथा सांगत होतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, धर्मराजाच्या तोंडून अर्धसत्य बाहेर पडले, पुत्रशोकाने द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचे मस्तक उडविले, येथवर आम्ही आलो होतो. इतक्यात मागील बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "मग पुढे अश्वत्थाम्याने केले त्यात त्याचे काय चुकले? खोटे बोलून त्याच्या बापाला मारले. त्याने मारणाऱ्यांना मारले." तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. पुढे आम्हांस कळले की, कोणा एकाच्या खोट्या शब्दामुळे त्या मुलाच्या वडिलांचे यंत्रमागावरचे काम नुकतेच सुटले होते. म्हणजे तो प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातला नव्हता. त्याचे उत्तर देण्याचे ऋण आमच्यावर राहिले. ते आज या वार्षिकाच्या पानांवर फेडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दूरदेशीची एक कथा

हाच विद्यार्थी जपानी चित्रकथांचा मोठा वाचक आहे. या चित्रकथांना तिकडे 'मांगा' म्हणतात. त्याच्या आवडीची कथामाला आम्ही त्याच्याकडूनच समजावून घेतली. 'डार्कर दॅन ब्लॅक' ही चलच्चित्रमाला २००७ साली जपानी दूरचित्रवाणीवर आली. पुढे २००९ पासून युजी इवाहारा या चित्रकाराने तिच्यातूनच एक निराळी चित्रकथा रचली. तिच्या जपानी नावाचा अर्थ 'काळेभोर फूल' असा होतो. मूळ वृक्षाला फुटलेल्या फांदीप्रमाणे अशी कथा मूळ कथेतून निघते आणि स्वतःच्या वाटेने वाढते.

या कथांत तोक्यो नगरीत एक गूढ प्रदेश उत्पन्न होतो आणि काही माणसांना अचाट शक्ती प्राप्त होतात. कोणी विजेचा प्रवाह हातातून सोडतो, कोणी द्रव पदार्थ क्षणात गोठवितो. राष्ट्रे व गुप्त संघटना यांना मारेकरी म्हणून वापरतात. शक्ती वापरली की तिची किंमत मात्र ज्याची त्याला मोजावी लागते. एकाला स्वतःचीच बोटे मोडून घ्यावी लागतात, तर दुसऱ्याला आवडत नसतानाही धूम्रपान करावे लागते. आणि सर्वांत मोठी किंमत अशी की, त्यांच्या ठिकाणची माया, दया व पश्चात्ताप ही आटून गेली आहेत असे जग मानते.

वाचकहो, ही कल्पना ऐकून आम्हांस परकेपणा वाटला नाही. अचाट शक्तीचा मारेकरी आणि त्याने मोजलेली किंमत ही कथा आपल्या गावाच्या उशाशीच आहे.

असीरगडाचा रात्रीचा पाहुणा

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर सातपुड्याच्या माथ्यावर असीरगड उभा आहे. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दक्षिणेचे द्वार म्हणत. १६०१ च्या जानेवारीत फारुकी घराण्याकडून हा गड अकबराने घेतला. तोफांनी जे साधले नाही ते सोन्याच्या किल्लीने साधले, असे त्याविषयी बोलले जाते.

या गडावर महादेवाचे एक प्राचीन मंदिर आहे. पहाट होण्यापूर्वीच पिंडीवर कोणीतरी ताजे फूल वाहून जातो आणि तो अश्वत्थामा होय, अशी आसपासच्या गावांतील लोकांची श्रद्धा आहे. कपाळावरील भळभळत्या जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल व हळद मागतो, असे वृद्ध माणसे सांगतात. ज्याला तो दिसतो त्याला वेड लागते, असेही म्हणतात.

आमची घरची बोली कोंकणी. आमच्या मुलखातही रात्री फिरणारा एक आहे, तो वेताळ. त्याच्या देवळात लोक चामड्याच्या वहाणा वाहतात आणि रात्री गावाची फेरी मारताना त्या झिजतात असे मानतात. बऱ्हाणपुरास आल्यावर अश्वत्थाम्याची कथा ऐकताच आम्हांस वेताळाची आठवण झाली. पण दोघांत मोठे अंतर आहे. वेताळ जागतो तो गाव निर्धास्त झोपावे म्हणून, आणि अश्वत्थामा भटकतो तो झोपलेल्यांवर त्याने शस्त्र चालविले म्हणून.

सौप्तिक पर्वातील ती रात्र

ही हकीकत महाभारताच्या दहाव्या पर्वात, म्हणजे सौप्तिक पर्वात आहे. 'सुप्त' म्हणजे झोपलेला. त्यावरून पर्वाचे नाव पडले.

युद्धाच्या अठराव्या दिवशी दुर्योधनाची मांडी फुटली. कौरवपक्षाकडील अश्वत्थामा, कृपाचार्य व कृतवर्मा हे तिघे रात्री एका वटवृक्षाखाली आले. दोघे झोपले, अश्वत्थाम्यास मात्र झोप येईना. तोच एका घुबडाने येऊन झाडावर झोपलेल्या कावळ्यांचा संहार केला. अश्वत्थाम्याने ते पाहिले आणि त्या पक्ष्याला आपला गुरू केले.

येथून पुढे महाभारतकाराने त्याच्या वाटेत तीन थांबे ठेवले आहेत. ते नीट ध्यानात घ्यावेत. पहिला थांबा मामाचा. कृपाचार्य त्याला विनवितात की, आज झोप घे, वडीलधाऱ्यांचा सल्ला घे, झोपलेल्यांना व निःशस्त्रांना मारणे हा धर्म नव्हे. तो ऐकत नाही. दुसरा थांबा शिबिराच्या दाराशी. तेथे एक अतिभयंकर पुरुष उभा आहे आणि अश्वत्थाम्याची सर्व अस्त्रे तो गिळून टाकतो. त्या क्षणी आपण चुकत आहोत असे अश्वत्थाम्याला स्वतःलाच वाटते. पण परत फिरण्याऐवजी तो शंकराची आराधना करतो व अग्नीत स्वतःचा देह अर्पण करण्यास सिद्ध होतो. शंकर त्याला खड्ग देतात व त्याच्या शरीरात प्रवेश करतात. मग कोणीही त्याच्यापुढे टिकत नाही. धृष्टद्युम्न शस्त्राने मरण मागतो, तेही न देता तो त्याला लाथांनी मारतो. नंतर शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात. जे पळू पाहतात त्यांना दारावर कृप व कृतवर्मा अडवितात. ज्यांनी न मारण्याचा उपदेश केला तेच मामा आता पहाऱ्यास उभे आहेत, हेही विसरू नये.

आता आमच्या विद्यार्थ्याने विचारावे की, द्रोणांना मारले कोणी? धृष्टद्युम्नाने. अर्धसत्य बोलले कोण? युधिष्ठिर. ते बोलावयास लावले कोणी? कृष्णाने व भीमाने. पण पांडव, कृष्ण व सात्यकी त्या रात्री शिबिरात नव्हतेच. द्रौपदीच्या पाच मुलांचा त्या कपटाशी संबंध तो काय? 'मारणाऱ्यांना मारले' हे वाक्य येथेच अपुरे पडते. सूड निघतो एकाच्या नावाने आणि पोहोचतो भलत्याच्याच अंथरुणाशी.

तिसरा थांबा गंगेच्या काठी. भीम पाठलाग करीत आला तेव्हा अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्र सोडले. अर्जुनाने तेच अस्त्र उलट सोडले. सृष्टी जळू नये म्हणून व्यास व नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने अस्त्र परत घेतले, अश्वत्थाम्याला ते घेता येईना. यामागे एक जुनी गोष्ट आहे. द्रोणांनी हे अस्त्र प्रथम अर्जुनाला दिले होते. मुलाने मत्सराने हट्ट धरला म्हणून त्यांनी नाइलाजाने त्यालाही दिले आणि संकटातसुद्धा ते माणसांवर सोडू नकोस असे बजाविले. अस्त्र मिळाले, पण ते आवरण्याचे सामर्थ्य मिळाले नाही. शेवटी त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर वळविले. उत्तरेच्या उदरातील बालक मृत जन्मले आणि कृष्णाने त्याला जिवंत केले. तोच परीक्षित.

किंमत

अश्वत्थाम्याच्या मस्तकावर जन्मजात मणी होता. तो जवळ असता शस्त्र, रोग, भूक यांचे भय नव्हते. तो मणी त्याला द्यावा लागला. आणि तीन हजार वर्षे एकाकी, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, कोणाशीही बोलणे न होता भटकण्याचा शाप कृष्णाने दिला.

जपानी कथेतील मारेकऱ्याची भावना मेलेली असते. अश्वत्थाम्याची भावना तर उतू गेलेली होती, बापाच्या दुःखाने त्याला झोप नव्हती. एकाचे मन थंड, दुसऱ्याचे जळते. तथापि दोघांच्या हातून घडते ते एकच. म्हणून केवळ 'माझे दुःख खरे आहे' एवढ्याने आपली कृती योग्य ठरत नाही, हे या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे उमगते.

मूळ कथेला फांद्या कशा फुटतात, तेही येथे पाहण्यासारखे आहे. महाभारतात द्रौपदी अश्वत्थाम्याच्या मरणाचा आग्रह धरते आणि मण्यावर समाधान मानते. भागवतात मात्र तीच द्रौपदी म्हणते की, याला सोडा, मी जशी रडते तशी याची आई कृपी रडू नये. शाप तीन हजार वर्षांचा असता परंपरेने त्याला सात चिरंजीवांत बसविले, आणि लोकांनी त्याला असीरगडावर आणून पूजेस लावले. इरावती कर्वे यांनी 'युगान्त' या ग्रंथात द्रोण व अश्वत्थामा यांचा विचार परधर्म स्वीकारलेले ब्राह्मण म्हणून केला. दुसऱ्या महायुद्धानंतर धर्मवीर भारती यांनी 'अंधा युग' या हिंदी नाटकात त्याला मध्यभागी आणले. २०२४ च्या 'कल्की २८९८ एडी' या विज्ञानकल्पित चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी त्याची भूमिका केली. तेथे तो एका न जन्मलेल्या बालकाचे रक्षण करतो. ज्याने गर्भ मारावयास अस्त्र सोडले, त्यालाच गर्भाचा पहारेकरी केले आहे. अशी फांदी फुटणे आम्हांस भूषणावह वाटते.

आपल्याच गावातील एक मृत्यू

अशा कृत्याला दैवी खड्गच लागते असे नाही. जहांगिराचा थोरला पुत्र खुस्रो हा बंडामुळे कैदेत पडला. पुढे त्याला धाकटा भाऊ खुर्रम याच्या स्वाधीन करण्यात आले आणि १६२२ साली बऱ्हाणपुरात तो मरण पावला. पोटशुळाने मेला, असे बापाला कळविण्यात आले. खुर्रमनेच त्याला मारविले, असे अनेक इतिहासकार मानतात. तोच खुर्रम पुढे शाहजहान झाला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र एकमेकांवर उठले, १६५९ साली दाराचा वध झाला आणि तो स्वतः मरेपर्यंत कैदेत राहिला.

दुसरा पुत्र

आता उत्तराकडे वळू. महाभारतात बापाच्या मृत्यूने पेटलेला आणखी एक पुत्र आहे, तो जनमेजय. अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून वाचलेला परीक्षित पुढे राजा झाला व त्याला सर्पदंशाने मरण्याचा शाप मिळाला. एका खांबावरच्या महालात पहारा ठेवला होता. विष उतरविणारा काश्यप त्याला वाचविण्यास निघाला, त्याला तक्षकाने धन देऊन वाटेतूनच परत पाठविले. स्वतः तक्षक अळी होऊन फळात लपला आणि आत शिरला. मांगातील कोणत्याही मारेकऱ्याहून हा कमी नव्हे!

जनमेजयाने सर्पसत्र मांडले. एका तक्षकासाठी सगळ्या सर्पकुळाची आहुती पडू लागली, म्हणजे पुन्हा भलतेच बळी. तक्षक अग्नीकडे ओढला जात असता आस्तीक नावाचा एक मुलगा पुढे आला. त्याचा पिता ऋषी, माता नागकन्या. म्हणजे दोन्ही पक्ष त्याचेच. त्याने राजाकडे एकच वर मागितला की, हे सत्र थांबव. राजाने धन, गायी, वाटेल ते देऊ केले. मुलगा ढळला नाही. शेवटी जनमेजय थांबला, आणि आपला शब्द पाळून थांबला.

याच सत्रात जनमेजयाने वैशंपायनांच्या मुखातून महाभारत ऐकले. विद्यार्थिमित्रांनो, याचा अर्थ पाहा. अश्वत्थाम्याचे अस्त्र सफल झाले असते तर परीक्षित नाही, जनमेजय नाही आणि ही कथा ऐकावयास कोणीच नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे : तुझा राग खरा आहे आणि खोटे बोलणाऱ्याचा दोषही खरा आहे. वडिलांवर झालेला अन्याय मांडावा, चार जाणत्या माणसांपुढे मांडावा, न्याय मागावा. त्यात भित्रेपणा नाही. पण अश्वत्थाम्याला तीनदा थांबता आले असते, तो थांबला नाही. जनमेजयाला एकदाच थांबविले गेले, तो थांबला. एकाचे नाव आपण आजही रात्री घ्यावयास भितो, दुसऱ्याच्या यज्ञमंडपातून आपल्याला महाभारत मिळाले. आणि तुझ्या मित्रांस आमचे सांगणे असे की, तुमच्यापैकी कोणी रागाने जळत असेल तर त्याच्या दारावर पहारा देणारे कृपाचार्य होऊ नका. वाट अडविणारे आस्तीक व्हा.

विचारासाठी प्रश्न

१. कृपाचार्यांनी उपदेश केला आणि नंतर साथही दिली. त्यांचा दोष किती?
२. महाभारतातील द्रौपदी व भागवतातील द्रौपदी यांपैकी तुम्हांस कोणती पटते? का?
३. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून असीरगडाच्या अश्वत्थाम्याची कथा ऐका व जशीच्या तशी लिहून काढा. ती येथे सांगितलेल्या कथेहून कोठे निराळी आहे?