आधी त्याचं भिणं थांबवू

तुझ्या लेकाला स्वमग्नता आहे हे कळून आता बराच काळ झाला, बाई. त्यावर आपलं पुष्कळ बोलून झालं आहे. आज मला वेगळं सांगायचं आहे. शाळेची गाडी दिसली की तो दाराची चौकट धरून बसतो, जे चार शब्द बोलायला लागला होता तेही गेले, झोपेत दचकतो, पुन्हा चड्डीत शू करतो. हे सगळं सांगून तू म्हणतेस, "आजार वाढून राहिला ताई." मला तसं वाटत नाही. आलेलं बोलणं असं एकाएकी गेलं, की आधी लेकराचे कान, दात, पोट डॉक्टरांना दाखवायचं, फिट येत नाही ना हे विचारायचं. तिथं काही सापडलं नाही, तर लेकरू कशाला तरी भ्यालं आहे असं धरून चालायचं.

आपल्याला वाटतं, मनावर घाव बसायला अपघात व्हावा लागतो, पूर यावा लागतो, घरातलं माणूस जावं लागतं. या लेकरांचं तसं नसतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० साली स्वमग्न प्रौढांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गोष्टींना डॉक्टरी पुस्तकं आघात मानत नाहीत, म्हणजे वर्गात होणारा छळ, चारचौघांत एकटं पडणं, त्यांनीही या माणसांच्या मनात वर्षानुवर्षं टिकणारी भीती ठेवली होती. ती मोठी माणसं होती, सांगू शकली. तुझा लेक सहा वर्षांचा आहे आणि त्याच्याजवळ शब्द नाहीत.

त्याचा दिवस त्याच्या बाजूनं बघ एकदा. मंडईच्या दिवसांत गावात भोंगे लागतात, रात्रभर दंडार चालते, आपण मजेत असतो. त्याच्या कानांना तो आवाज गाळता येत नाही, तो सगळा एकदम आत येतो आणि दुखतो. भंडाऱ्यात भांड्यांच्या ओळीतून जाताना पितळेवरचे ठोके ऐकून तो रस्त्यात लोळला, तेव्हा लोक काय म्हणाले ते तूच मला सांगितलं होतंस. शाळेत घंटा, बाकांची ओढाओढ, खिचडीच्या रांगेतली रेटारेटी. तो कान झाकतो, तर हात खाली ओढतात. कोपऱ्यात बसतो, तर उठवून मध्ये आणतात. हात हलवतो, तर पोरं नक्कल करतात. मला सहन होत नाही, हे त्यानं ज्या ज्या रीतीनं सांगितलं, त्या प्रत्येक रीतीला रागावणंच मिळालं. मग त्यानं सांगणंच सोडलं असेल, तर नवल काय? मास्तर म्हणतात ना, आता शांत बसतो, सुधारला? मला त्या शांतपणाचीच जास्त काळजी वाटते. घरी आल्यावर तो दोन तास डोकं आपटतो, ती दिवसभर दाबून ठेवलेली भीती आहे.

तुझ्या सासूबाईंनी भगताचं नाव काढलं, हेही कानावर आलं. त्यांची माया खरी आहे, पण लेकराला तिथं नेऊ देऊ नकोस. बाधा उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. अनोळखी माणूस, धूर, ओरडा आणि धरून ठेवणारी आपलीच माणसं, एवढं एका वेळी अंगावर आलं, तर त्यानंतर त्यानं कोणाच्या मांडीवर विश्वासानं डोकं ठेवावं?

आणि कोणी म्हटलं की आईनंच लाडावलं, आईनंच लक्ष दिलं नाही, तर मान खाली घालू नकोस. ब्रुनो बेटलहाइम या नावाजलेल्या माणसानं १९६७ साली आख्खं पुस्तक लिहून आयांच्या थंडपणावर बोट ठेवलं होतं. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, हे शरीराच्या घडणीतून येतं अशी मांडणी केली होती. विज्ञान रिमलँडच्या बाजूनं गेलं. लोकांच्या जिभेवर मात्र बेटलहाइम अजून बसला आहे.

आता काय करायचं ते ऐक. काही दिवस शिकवणं बाजूला ठेव. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरणं बंद. पाहुण्यांच्या पाया पड, मामीला पापी दे, हेही बंद. कुठं जायचं असेल, तर त्या जागेचा फोटो मोबाईलवर आदल्या दिवशी दाखव, सकाळी पुन्हा दाखव. कान झाकू दे. आवाज कमी करणारे हेडफोन मिळाले तर घे, नाहीतर मफलर चालेल. तो कोसळला की समजावू नकोस, प्रश्न विचारू नकोस. माणसं बाहेर काढ, दिवा मालव, डोक्याखाली उशी सरकव आणि हातभर अंतरावर बसून राहा. त्यानं हात पुढं केला तरच जवळ घे. थेरपीलाही हाच नियम लाव: दर वेळी लेकरू रडतच बाहेर येत असेल आणि तुला दाराबाहेर थांबवत असतील, तर ती जागा सोड. नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, दुसरी जागा शोधू.

शाळेशी भांडायला जाऊ नकोस, पण लेखी अर्ज दे आणि पोच घे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना मनाई आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता नावानिशी आहे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण, ते विचार आणि त्यांना वर्गात यायला सांग. अर्जात मोठं काही नको: घंटेच्या वेळी त्याला वर्गाबाहेर थांबू द्यावं, खिचडीला रांगेत उभं करू नये, कान झाकले तर हात ओढू नयेत. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसशील, तर जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी कर. तपासणीत चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी असते, त्यातलं बरंचसं आईच्या सांगण्यावरून भरतात. म्हणून आजपासूनच वहीत लिहायला लाग: कधी दचकला, त्याच्या आधी काय झालं होतं, कोण जवळ होतं. मास्तरांशी बोलतानाही हीच वही कामी येईल, कारण भीती नेमकी कुठून येते ते तिच्यातच सापडेल.

जावईबापू म्हणतात, दोन रट्टे दिले की सरळ होईल. रात्री ते जेवले की फोन लावून दे त्यांना. त्यांच्याशी मी बोलते.