वाडीतील पक्षी : ओळख आणि छायाचित्रण

रायगडच्या किनारपट्टीवर अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घराला लागूनच नारळ-सुपारीची वाडी असते. तिथे येणारे पक्षी पाहण्यासाठी पडवीत शांत बसणे पुरेसे आहे. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास असाच धीराने केला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखते आणि पसंत पडल्यास नर ते पूर्ण करून दुसरे बांधायला घेतो, असे त्यांना आढळले.

मित्र ओळखा

दयाळ व कोतवाल किडे टिपतात. भारद्वाज किडे व गोगलगाई खातो. शिंजीर जास्वंदीवर व केळफुलावर मधासाठी येतो. गव्हाणी घुबड रात्री उंदीर मारते. नारळ पोखरणाऱ्या उंदरांसाठी विष घातल्यास विषबाधा झालेले उंदीर खाऊन घुबडही दगावू शकते. त्याऐवजी सापळे लावावेत व माडाच्या खोडाभोवती गुळगुळीत पत्रा बसवावा.

छायाचित्र घेताना

१) सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून छायाचित्र घ्यावे.

२) सावलीत पाण्याचे उथळ भांडे ठेवावे, त्यात एक दगड ठेवावा आणि जवळ सुकी फांदी रोवावी. पक्षी आधी फांदीवर बसतो. कॅमेरा तिथेच रोखून ठेवावा. भांडे मांजराच्या टप्प्यात नसावे. पाणी रोज बदलावे.

३) मोबाइलवर चित्र फार मोठे करून घेतल्यास ते अस्पष्ट होते. पक्षी जवळ येईपर्यंत थांबावे.

४) खाऱ्या, दमट हवेमुळे भिंग वारंवार मऊ कापडाने पुसावे. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात ठेवावा.

५) घरट्यापुढील पाने तोडू नयेत, फ्लॅश वापरू नये. आडोसा गेला की कावळ्याला पिले दिसतात. आपण उभे असताना पक्षी घरट्याकडे फिरकत नसेल, तर ताबडतोब मागे हटावे. एका चित्रासाठी पिलांचा जीव जाऊ देऊ नये.

नवी लागवड करताना

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील असंख्य माड व पोफळी पडल्या. त्यासोबत पक्ष्यांचा निवाराही गेला. लागवड पुन्हा करताना कुंपणाला जास्वंद आणि वाडीपासून दूर, मोकळ्या जागेत एखादा उंबर लावावा. आंबा-जांभळाची सुकी फांदी धोकादायक नसल्यास राहू द्यावी. तांबट अशा फांदीत ढोली कोरतो. माडाचे कुजके खोड मात्र ठेवू नये, त्यात गेंड्या भुंग्याची पैदास होते.

प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, झाड आणि पक्षी काय खात होता, एवढे वहीत लिहावे. वर्षभराच्या नोंदींवरून आपल्या वाडीत कोणता पक्षी कधी येतो आणि कोणाचा कितपत उपयोग होतो, हे कळेल. पुढे एखादा पक्षी हुसकावण्याचा विचार मनात आला, तर आधी ही वही उघडून पाहावी.